टाकी फुल केली की गाडी स्टार्ट व्हायला नाटकं करते: पर्ज वॉल्व्ह आणि व्हॅक्युम पाईप घरच्या घरी कसे तपासायचे

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमची तीच भानगड आहे का ते लगेच कळेल. रोज सकाळी गाडी एका सेल्फमध्ये स्टार्ट, ऑफिसहून निघताना एका सेल्फमध्ये, सिग्नलला बंद करून चालू केली तरी काही नाही. पण पेट्रोल पंपावर टाकी फुल केली, पैसे दिले, चावी फिरवली की नुसतं घर्र घर्र घर्र. मागचे हॉर्न मारतात, पंपावरचा पोरगा म्हणतो साहेब ढकलू का, आणि मग अ‍ॅक्सिलरेटर अर्धा दाबून दोन-तीनदा सेल्फ मारला की भसकन चालू होते, थोडा वेळ धडधडते, पेट्रोलचा वास येतो, आणि अर्ध्या किलोमीटरनंतर जसं काही घडलंच नाही. पाचशे-हजाराचं पेट्रोल टाकलं तर हे होत नाही किंवा कमी होतं, फुल टाकीला हमखास.

माझी गाडी म्हणजे सात वर्षं जुनी साधी पेट्रोल हॅचबॅक, पुण्यात रोज तीसेक किलोमीटर चालते. हे नाटक वर्षभर चाललं. या काळात प्लग बदलून झाले, थ्रॉटल बॉडी साफ करून झाली, एका मेकॅनिकने फ्युएल पंप गेलाय म्हणून सांगितलं (तो मी बदलला नाही, नशीब), दुसऱ्याने पर्ज वॉल्व्ह बदलला आणि खरंच गाडी ठीक झाली, मी सगळ्यांना सांगत सुटलो की सापडलं रे बाबा. तीन महिन्यांनी परत तेच. नवा वॉल्व्ह, तरी तेच. तेव्हा मग स्वतः बॉनेट उघडून बसलो. जे कळलं ते इथे लिहितोय, विशेष करून ज्यांनी वॉल्व्ह एकदा बदललाय आणि तरी त्रास परत आलाय त्यांच्यासाठी.

आधी हे काय प्रकरण आहे ते थोडक्यात. टाकीतल्या पेट्रोलची वाफ होते, ती हवेत सोडायची नाही म्हणून एका प्लास्टिकच्या डब्यात नेतात, त्यात कोळशाचे दाणे असतात, ते वाफ धरून ठेवतात. हा कॅनिस्टर. इंजिन गरम होऊन नीट चालायला लागलं की ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) एक छोटा सोलेनॉइड वॉल्व्ह, म्हणजे करंटवर चालणारा वॉल्व्ह, उघड-बंद करतो आणि इंजिनचा व्हॅक्युम (हवा ओढण्याचा जोर) ती साठलेली वाफ ओढून जाळून टाकतो. तो वॉल्व्ह म्हणजे पर्ज वॉल्व्ह, आपल्याकडे गॅरेजमध्ये बरेचजण त्याला कॅनिस्टर वॉल्व्ह म्हणतात. करंट नसेल तेव्हा हा बंद असतो, हे डोक्यात पक्कं ठेवा, पुढच्या सगळ्या टेस्ट यावरच आहेत.

आता टाकी भरताना काय होतं, तर टाकीतली सगळी वाफ आत येणाऱ्या पेट्रोलमुळे ढकलली जाते आणि कॅनिस्टरमध्ये घुसते, म्हणजे कॅनिस्टर त्या क्षणी गच्च भरलेला असतो. वॉल्व्ह जर नीट बंद होत नसेल तर सेल्फ मारला रे मारला की ती दाट वाफ थेट मॅनिफोल्डमध्ये (इंजिनला हवा पोचवणाऱ्या नळ्यांत), वर इंजेक्टर आपलं पेट्रोल मारतातच, मिश्रण इतकं दाट होतं की पेटतच नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर का चालू होते? कारण थ्रॉटल उघडून जास्त हवा जाते आणि मिश्रण जरा पातळ होतं. बऱ्याच गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण खालपर्यंत दाबून सेल्फ मारला तर ईसीएम इंजेक्टर बंदच ठेवतो, तेही कामी येतं. पंपावर अडकलात तर हे करा, पण हा इलाज नाही.

चेक इंजिन लाईट लागली नाही म्हणजे वॉल्व्ह चांगला, असं समजू नका. माझी लाईट वर्षभरात एकदाही लागली नाही. नेटवरचे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेचे असतात, तिथे ही वाफ धरायची सिस्टिम कॅलिफोर्नियात १९७० पासून आणि सगळ्या देशात १९७१ च्या गाड्यांपासून आहे, आणि तिथल्या आताच्या गाड्या टाकीचा प्रेशर मोजून बारीकशी गळतीसुद्धा पकडतात, मग पी ०४४१, पी ०४५५, पी ०४९६ असे कोड येतात. आपले नियम युरोपच्या वळणाचे, आणि तिथे पर्ज वॉल्व्हच्या वायरिंगवर लक्ष ठेवलं तरी चालतं. त्यामुळे आपल्या बऱ्याच गाड्यांत वायर तुटली, कॉइल गेली तर पी ०४४३ किंवा पी ०४४४ येईल, पण वॉल्व्ह उघडा अडकून बसला तर ईसीएमला त्याचा पत्ताच नसतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावून "कोड नाहीये साहेब" म्हणून परत पाठवतात ते यामुळेच.

पण स्कॅनरचा दुसरा उपयोग आहे. पाच-सातशेचा ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल असेल तर लाईव्ह डेटामध्ये फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीएम पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा. सर्वसाधारण ट्रिम शून्याच्या आसपास, दहा टक्के इकडे-तिकडे चालतो. माझा टाकी फुल केल्यावर आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) वजा अठरा-वीस दाखवायचा, म्हणजे ईसीएम ओरडून सांगत होता की कुठूनतरी फुकटचं पेट्रोल येतंय, मी इंजेक्टर कमी करतोय. दोन दिवस गाडी चालवली की हळूहळू शून्याकडे यायचा, कारण कॅनिस्टर तोवर सुकलेला असायचा. हा जो पॅटर्न आहे ना, भरल्यावर उणे आणि दोन दिवसांनी ठीक, हा इंजेक्टर गळत असेल तर दिसणार नाही, इंजेक्टर रोज गळेल.

आता टेस्ट. उघड्या जागी करा, बेसमेंट पार्किंगमध्ये नको, आणि बाजूला कोणी सिगरेट ओढत उभं राहणार नाही एवढं बघा. पेट्रोलची वाफ आहे, चेष्टा नाही.

पहिली टेस्ट, अजिबात हत्यार लागत नाही. सकाळी इंजिन गार असताना चालू करा. पर्ज वॉल्व्ह बहुतेक गाड्यांत इंजिनच्या वर किंवा मॅनिफोल्डच्या शेजारी असतो, दोन पाईप आणि दोन पिनचं कनेक्टर. एक पाईप मॅनिफोल्डला जातो तो छोटा, दुसरा लांबवर मागे कॅनिस्टरकडे जातो. कॅनिस्टरकडचा पाईप वॉल्व्हवरून काढा आणि वॉल्व्हच्या त्या नळीवर बोट ठेवा. इंजिन गार असताना ईसीएम वाफ ओढत नाही त्यामुळे बोटाला काहीच ओढ जाणवायला नको. ओढ लागली तर वॉल्व्ह गेला, पुढचं वाचायची गरज नाही.

माझ्याकडे काहीच ओढ लागली नाही. इथेच मी पहिल्यांदा फसलो, म्हटलं वॉल्व्ह चांगला आहे. आणि गॅरेजवालेही इथेच फसतात, कारण गाडी रात्रभर त्यांच्याकडे उभी असते आणि सकाळी गार वॉल्व्ह तपासतात.

म्हणून तीच टेस्ट अर्धा तास गाडी फिरवून आल्यावर परत करायची. आता टिक टिक टिक आवाज येईल आणि बोटाला थांबून थांबून ओढ लागेल, हे नॉर्मल आहे, या टिकटिकीला घाबरून बरेच लोक टॅपेट वाजतंय म्हणून गॅरेजला पळतात. गाडी चालू असतानाच कनेक्टर काढा. करंट बंद म्हणजे वॉल्व्ह बंद, म्हणजे ओढ पूर्ण थांबायला पाहिजे. माझी कमी झाली पण थांबली नाही, बोट हलकंसं चिकटून राहायचं. सापडला चोर! गार असताना गच्च बंद आणि गरम झाल्यावर गळतो, आणि पंपावर तर आपण गाडी चालवतच जातो, म्हणजे वॉल्व्ह गरमच असतो. कनेक्टर काढल्याने चेक इंजिन लाईट लागू शकते, घाबरू नका, परत जोडून डोंगलने कोड पुसून टाका.

खात्री करायला मी अजून एक गोष्ट केली जी मला सगळ्यात पटली. टाकी फुल केली, आणि चावी फिरवायच्या आधी वॉल्व्ह आणि मॅनिफोल्डमधला रबरी पाईप कापड गुंडाळून छोट्या क्लॅम्पने चिमटला. पहिल्याच सेल्फला गाडी चालू. पुढच्या वेळी क्लॅम्प न लावता भरलं, परत घर्र घर्र. याच्यापुढे कुठला मेकॅनिक फ्युएल पंप म्हणाला तर मी ऐकणार नव्हतो. क्लॅम्प घरी आल्यावर काढा मात्र, कायमचा चिमटून ठेवायचा जुगाड काहीजण करतात, त्याने कॅनिस्टर कधी रिकामाच होत नाही आणि पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास सुटतो.

वॉल्व्ह काढून टेबलावर तपासायचा असेल तर हाताने चालवायचा व्हॅक्युम पंप मिळतो, पण एका वॉल्व्हसाठी तो कशाला घ्यायचा. मेडिकलमधून पन्नास मिलीची सिरिंज आणली, माशांच्या टाकीची पारदर्शक नळी लावली. आधी सिरिंजच तपासा: नळीचं तोंड बोटाने बंद करून दांडा ओढा, सोडल्यावर तो परत जागेवर गेला पाहिजे. मग नळी वॉल्व्हच्या मॅनिफोल्डकडच्या बाजूला लावा, दुसरी बाजू उघडी, दांडा चाळीसपर्यंत ओढून मिनिटभर धरा आणि सोडा. जागेवर परत गेला तर वॉल्व्ह हवा धरतोय. वर ओढलेला तसाच राहिला तर आतून हवा आली, गळतोय. हेही गार आणि गरम दोन्ही करा, मी घरातल्या हेअर ड्रायरने पाच मिनिटं तापवला (आधी वॉल्व्ह तासभर गॅलरीत वाळत ठेवला, ओल्या वाफेसकट तापवू नका). गार असताना दांडा लगेच परत, गरम झाल्यावर पस्तीसवर तसाच उभा. तोंडाने फुंकून किंवा ओढून बघू नका, सगळे करतात, पण त्या वाफेत बेन्झीन असतं आणि ते फुप्फुसात घेण्याएवढा हा वॉल्व्ह महाग नाही.

इलेक्ट्रिकल बाजू पटकन सांगतो कारण तिथे माझा काही प्रॉब्लेम नव्हता. मल्टिमीटरने दोन पिनांमधला रेझिस्टन्स साधारण वीस ते तीस ओहम येतो, गाडीप्रमाणे थोडा इकडे-तिकडे. काहीच येत नसेल तर कॉइल तुटलीय, शून्याजवळ असेल तर शॉर्ट. कनेक्टरच्या एका पिनवर इग्निशन ऑन केल्यावर बारा व्होल्ट आले पाहिजेत, दुसरी पिन ईसीएमकडे जाते, तो तिथून अर्थ देतो. त्या दुसऱ्या पिनला टेस्ट लॅम्प किंवा वायर लावून खेळू नका, ईसीएमचा खर्च ऐकून झोप उडेल. वॉल्व्हला बाहेरून बारा व्होल्ट देऊन बघायचे तर गाडीपासून लांब, जुन्या यूपीएसची बॅटरी चालते, वायर आधी वॉल्व्हला लावा आणि शेवटी बॅटरीला, म्हणजे ठिणगी पडली तरी वॉल्व्हपासून दूर पडेल. टक् आवाज आला आणि हवा आरपार गेली की कॉइल ठीक. आणि लक्षात घ्या, टक् आवाज येतोय म्हणजे वॉल्व्ह चांगला असं अजिबात नाही, माझे दोन्ही गळके वॉल्व्ह मस्त टकटक करायचे.

दोन्ही. म्हणजे जुना आणि तीन महिन्यांचा नवा. नवा एवढ्यात का गेला हा खरा प्रश्न होता, आणि पार्ट डुप्लिकेट निघाला असं म्हणून मी दुकानदाराशी भांडायच्या तयारीत होतो. बरं झालं आधी पाईप बघितला. कॅनिस्टरकडून येणारा पाईप काढला आणि पांढऱ्या कागदावर उलटा धरून बोटाने टिचक्या मारल्या. काळे दाणे पडले, चहा पावडरसारखे बारीक. कॅनिस्टरमधला कोळसा फुटून पाईपातून वाहत येत होता आणि वॉल्व्हच्या आतल्या रबरी सीटवर बसत होता, एक दाणा अडकला तरी वॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. नवा वॉल्व्ह लावा, परत दाणा येणार. असे दहा वॉल्व्ह लावले असते तरी दर तीन महिन्यांनी मी पंपावर घर्र घर्र करत बसलो असतो.

कॅनिस्टर माझ्या गाडीत मागे टाकीजवळ आहे, जॅक लावून काढावा लागला (नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका, स्टँड लावा, नाहीतर सरळ गॅरेजच्या रॅम्पवर काढून घ्या). हलवून बघितला तर खुळखुळा! चांगला कॅनिस्टर वाजत नाही, आतले दाणे जाळीने दाबून धरलेले असतात. आणि तो जडही लागत होता, वास तर विचारू नका, म्हणजे आत वाफ नाही, चक्क पातळ पेट्रोल गेलेलं.

पातळ पेट्रोल तिथे जातं कसं, तर आपल्या सवयीने. नोझल टक् करून बंद झाला की टाकी भरली, वर जी मोकळी जागा राहते ती वाफेसाठी मुद्दाम सोडलेली असते. पण मीटरवर दोन हजार एकशे सदतीस आले की पोरगा विचारतो "साहेब गोल करू का?" आणि आपण म्हणतो कर. मग टक्, टक्, टक्, करत दोन हजार दोनशे. मी तर स्वतः गाडी हलवून हलवून भरायला सांगायचो, मायलेज काढायला फुल टू फुल करायची सवय, वहीत लिहून ठेवतो मी. ते जास्तीचं पेट्रोल वाफेच्या पाईपातून कॅनिस्टरमध्ये उतरतं, कोळसा भिजतो, कुजल्यासारखा भुगा होतो. म्हणजे मायलेज मोजायच्या नादात मीच माझा कॅनिस्टर मारला. मायलेज चौदावरून साडेबारावर आलेलं त्याच वहीत लिहिलेलं होतं, वर कारण म्हणून "एसी?" असं लिहिलेलं.

आता व्हॅक्युम पाईप, कारण वॉल्व्ह आणि कॅनिस्टर बदलल्यावर स्टार्टिंगचा त्रास गेला पण आयडल हजाराच्या खाली येईना, आधी साडेसातशे असायचा. इथे एक गोष्ट समजून घ्या. ज्या गाडीत हवा मोजायला एमएएफ सेन्सर असतो त्यात पाईप फुटला की न मोजलेली हवा आत येते, ट्रिम आयडलला अधिक पंधरा-वीस जातो आणि अडीच हजार आरपीएमला परत खाली येतो, पी ०१७१ (मिश्रण पातळ असल्याचा कोड) पण येऊ शकतो. माझ्यासारख्या एमएपी सेन्सरवाल्या (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) गाडीत ट्रिम फारसा हलत नाही, ती हवा सेन्सरला दिसते आणि ईसीएम इमानदारीत तेवढं पेट्रोल देतो, मग नुसता आरपीएम चढतो. त्यामुळे ट्रिम ठीक आहे म्हणजे लिकेज नाही असं एमएपीवाल्यांनी म्हणू नये.

व्हॅक्युम गेज लावला तर समुद्रसपाटीला आयडलवर १७ ते २१ इंच पारा दाखवतो असं सगळीकडे वाचाल. पण दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो, आणि पुणे ५६० मीटरवर म्हणजे अठराशे फुटांच्या वर आहे, तेव्हा इथे दोनेक इंच कमी धरा. मी १६ बघून तासभर उगाच लिकेज शोधत बसलो होतो, मुंबईत असतो तर ते शोधणं योग्य होतं. काटा स्थिर आहे का ते आकड्यापेक्षा महत्त्वाचं.

पाईप शोधायची माझी पद्धत: मॅनिफोल्डला जोडलेला एकेक पाईप नोज प्लायरच्या टोकांना कापड गुंडाळून चिमटायचा आणि आरपीएम बघायचा. पर्जचा, पीसीव्हीचा (इंजिनच्या पोटातली वाफ परत ओढून घेणारा), ब्रेक बूस्टरचा (ब्रेक पेडल हलकं करणाऱ्या डब्याचा), सगळे. ज्याला चिमटल्यावर आयडल खाली येतो त्या पाईपावर, किंवा तो पुढे ज्याला जोडलाय तिथे, गळती आहे. फक्त पीसीव्हीमधून थोडी हवा नेहमीच जाते, तिथला थोडासा फरक मनावर घेऊ नका. बूस्टरचा वेगळा तपासायला इंजिन बंद करून ब्रेक चार-पाचदा मारा, दाबून धरा आणि गाडी चालू करा, पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. स्प्रे बाटलीतून साधं पाणी बारीक मारूनही कळतं, भेगेवर पडलं की आरपीएम क्षणभर बदलतो, फक्त कॉइल आणि कनेक्टरवर मारू नका. कार्ब क्लीनर मारून शोधायचे व्हिडिओ आहेत, गरम एक्झॉस्टच्या शेजारी ते मारायची माझी हिंमत नाही, तुम्हीही करू नका. उदबत्तीचा धूरवाला जुगाड तर पेट्रोलच्या वाफेच्या पाईपात कृपया कुणी करू नये. स्मोक टेस्ट करायचीच तर मशीन असलेल्या गॅरेजमध्ये, ते अर्ध्या पीएसआयच्या आसपास दाब देतात. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा या पाईपांत मारलीत तर सील आणि टाकी दोन्ही जातील.

माझा सापडला तो पर्जच्याच छोट्या पाईपात, मॅनिफोल्डच्या टोकाला, क्लिपच्या बरोबर खाली. सरळ असताना काहीच दिसत नाही, वाकवला की भेग तोंड उघडते. मेकॅनिकने वॉल्व्ह बदलताना कडक झालेला पाईप ओढून काढला असणार, तिथेच तो फाटला. म्हणून पाईप नुसते बघू नका, दोन्ही टोकं वाकवून, बोटांनी दाबून बघा, जुन्या चपलेच्या पट्ट्यासारखा कडक लागला तर बदलायच्या यादीत टाका. पावसाळ्यात उंदरांच्या दातांच्या खुणाही बघा, माझ्या शेजाऱ्याच्या गाडीत पीसीव्हीचा पाईप अर्धा कुरतडलेला निघाला. आणि बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असेल तर रिड्युसरला (गॅसचा दाब कमी करणारा भाग) व्हॅक्युम द्यायला मॅनिफोल्डच्या पाईपात टी जॉइंट टाकलेला असतो, आधी तिथली क्लिप बघा.

टोकालाच फाटलाय आणि लांबी शिल्लक आहे तर सेंटिमीटरभर कापून परत बसवता येतो, पण ते तात्पुरतं. नवा घेताना जुना तुकडा दुकानात घेऊन जा, आतला व्यास मिलिमीटरमध्ये जुळला पाहिजे, आणि पेट्रोलला चालणारा जाड भिंतीचाच मागा, इथेनॉलवाल्या पेट्रोलला चालतो का तेही विचारा. टेस्टला वापरलेली ती माशांच्या टाकीची नळी गाडीत लावू नका, गरम झाली की मऊ होऊन चपटी बसते.

क्रम माझा असा झाला: कॅनिस्टर बदलला, मागून पुढे येणारा लांब पाईप दोन्हीकडून सुटा करून हवेने साफ केला (एकही टोक टाकीला किंवा कॅनिस्टरला जोडलेलं नसताना), कागदावर दाणे पडायचे थांबले तेव्हाच नवा वॉल्व्ह लावला, मग छोटा पाईप. वॉल्व्ह दीड हजाराच्या आत आला, कॅनिस्टर चार हजारांच्या वर गेला, पाईप ऐंशी रुपये. जुना कॅनिस्टर तसाच ठेवून नुसता वॉल्व्ह लावायचा असेल तर निदान महिन्याने पाईप कागदावर झटकून बघा.

सध्या अकरा वेळा टाकी भरून झालीय, नोझल पहिल्यांदा टक् झाला की थांबवतो, अकराही वेळा पहिल्या सेल्फला चालू. आयडल साडेसातशे-आठशे, भरल्यावर ट्रिम वजा तीन-चारच्या पुढे गेला नाही. पंपावरचा पोरगा अजून विचारतो गोल करू का, आणि मी सुट्टे शोधत बसतो.